ट्रॉफी राहू द्या, उत्पन्नाचा दाखला द्या

जून संपत आला की आमच्या भागात गुणगौरव सोहळे सुरू होतात. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, पाऊस नुकता सुरू झालेला असतो, म्हणून मैदानाऐवजी हॉल घेतला जातो. तिलावत होते, नात होते. पाहुण्यांना हार, शाल. मग तकरीर. त्यात "इल्म हासिल करो" असतं, सच्चर समिती असते, आणि आपली कौम मागे का राहिली याची कारणं असतात. मग नावं पुकारली जातात. मुलं येतात, ट्रॉफी घेतात, फोटो काढतात. काही ठिकाणी भिंतीवरचं घड्याळ मिळतं, काही ठिकाणी बॅग. शेवटी बिर्याणी.

मी डहाणू तालुक्यात उर्दू आणि मराठी शिकवते. वीस वर्षं होत आली. या सोहळ्यांत मी मागे, बायकांच्या बाजूला बसलेली असते आणि स्टेजवर येणारी बहुतेक पोरं माझ्या हाताखालून गेलेली असतात. दोन वर्षांपासून मी तिथे टाळ्या वाजवत नाही. कुणाला उद्धटपणा वाटत असेल तर वाटो. कारण सांगते.

2024 च्या सोहळ्यात एका मुलीला घड्याळ मिळालं. तिचं नाव इथे लिहिणार नाही, लिहायचा मला हक्क नाही. वडिलांचं तलासरीकडे हायवेला पंक्चरचं दुकान. मुलगी बारावी सायन्स झालेली, सीईटी दिलेली, बी.फार्मसीचा ध्यास घेतलेली. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून तिला जागा मिळाली. त्याच वर्षी 8 जुलैला सरकारनं निर्णय काढला होता की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी निम्मी होती. म्हणजे ही मुलगी अगदी योग्य वेळी जन्माला आली होती म्हणायची.

पण तिच्याकडे अधिवास दाखला नव्हता. उत्पन्नाचा दाखला नव्हता. तो काढायला गेली तर आधार कार्डावर बापाचं नाव एक, रेशन कार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. बँकेचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं. दुरुस्तीला आधार केंद्रात गेली, पुढची तारीख मिळाली. कॉलेजनं सांगितलं, कागद नाहीत तर पूर्ण फी भरा. नियमानं त्यांचं काही चुकलं नव्हतं. पहिल्या वर्षाची फी ऐंशी हजारांच्या आसपास होती. बापानं दोन दिवस धावाधाव केली आणि मग तो गप्प बसला. मला हे सगळं कळलं तेव्हा जागा गेली होती. ती मुलगी आज वापीत एका पॅकिंगच्या कारखान्यात जाते. यंदा तिचं लग्न ठरलंय आणि त्यासाठी त्याच बापानं अडीच लाख उचललेत.

मी त्या बापाला दोष देणार नाही. तो माणूस सकाळी सहा वाजता ट्रकचे टायर खोलायला बसतो. त्याला कुणीच कधी सांगितलं नाही की मुलीच्या बी.फार्मसीची तयारी ती आठवीत असताना करायची असते. माझा राग त्या हॉलवर आहे. हॉलचं भाडं, मंडप, ट्रॉफ्या, शाली, जेवण, सगळं मिळून जो खर्च झाला असेल, त्यात त्या मुलीची दोन वर्षांची फी निघाली असती हे तर आहेच. पण मला फीचं वाटत नाही, फी सरकार भरायला तयार होतं. उत्पन्नाच्या दाखल्याचं सरकारी शुल्क शंभराच्या आतलं. शाळेच्या कामासाठीच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा मुद्रांक लागणार नाही, हेही सरकारनं 2025 च्या मार्चमध्ये जाहीर केलंय. तिला चार वर्षं आधी फक्त एक माणूस हवा होता, जो तिच्या बापाला अर्धा दिवस दुकान बंद करायला लावून तहसीलला घेऊन गेला असता. स्टेजवर त्या दिवशी अकरा माणसं बसली होती.

आता आठवीचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथून सुरू होते आणि आपल्याकडे आठवी म्हणजे काहीच नाही असं धरतात.

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची परीक्षा असते. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते, साधारण डिसेंबरात. दोन पेपर, नव्वद-नव्वद प्रश्नांचे, एक बौद्धिक क्षमतेचा, एक शालेय विषयांचा. उर्दू माध्यमातूनही देता येते. सातवीत 55 टक्के हवेत, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर महिन्याला 1,000, वर्षाला 12,000, नववी ते बारावी. चार वर्षांचे 48,000 रुपये. दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, दहावीत 60 टक्के राखावे लागतात, आणि पैसे थेट मुलाच्या खात्यात येतात. हे पैसे न मोडता ठेवले तर बारावीनंतर पहिल्या वर्षाची अनामत, पुस्तकं, रेल्वेचा पास आणि हॉस्टेलचे पहिले तीन महिने निघतात. गरीब घरात मुलीच्या नावावर 48,000 असणं म्हणजे काय असतं हे मी वेगळं सांगायला नको. त्या खात्यामुळे घरातले तिच्याशी वेगळ्या आवाजात बोलायला लागतात, हे मी पाहिलंय.

पण अट अशी की मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपरिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला ही परीक्षा देता येत नाही. आणि आपल्याकडे चार पैसे आले की पहिलं काम काय होतं? पोराला उर्दू किंवा मराठी शाळेतून काढून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या "इंग्लिश मीडियम"मध्ये टाकलं जातं. दोन खोल्या, बारावी शिकलेली टीचर, महिन्याला हजार-बाराशे फी. म्हणजे जे हजार रुपये सरकारनं महिन्याला द्यायला हवे होते, तेच आपण महिन्याला देतो. वर मूल "टुडे आय ॲम ॲब्सेंट" असं लिहितं. चांगल्या इंग्रजी शाळा आहेत, त्यांना माझं काही म्हणणं नाही. पण हायवेच्या दोन्ही बाजूंना जे काही उघडलंय त्यातलं बरंचसं मी आतून पाहिलंय.

आणि आमच्या शाळांचंही ऐकून घ्या. एनएमएमएसचा अर्ज मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून भरावा लागतो. काही शाळा दरवर्षी आठवीच्या सगळ्या पात्र पोरांचे अर्ज भरतात, सप्टेंबरपासून जादा तास घेतात. काही शाळा "आमची पोरं कुठे पास होणार" म्हणून चार नावं टाकून मोकळ्या होतात. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत या परीक्षेकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं. ते माझ्या खात्यात जमा आहे.

आता नावांची गोष्ट. मी उर्दू शिकवते म्हणून मला ही जास्त दिसते. मुहम्मद हे नाव उर्दूत चार अक्षरांचं. मीम, हे, मीम, दाल. पहिलीतलं मूलही चुकत नाही. तेच नाव शाळेच्या मराठी रजिस्टरात महंमद होतं, आधारवर मोहम्मद, रेशन कार्डावर मो., पासबुकावर एमडी. इंग्रजी स्पेलिंगं तर मोजूच नका. आईचं नाव फातिमा, फातमा, फातेमा, आणि लग्नानंतर घरात ठेवलेलं तिसरंच. वर महाराष्ट्रातला प्रत्येक फॉर्म नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने मागतो. उत्तरेकडून आलेल्या आमच्या कित्येक घरांत आडनावच नसतं. बापाचं नाव अब्दुल रहमान, एवढंच. मग क्लार्क विचारतो, आडनाव? समोरचा गप्प. क्लार्क शेख लावतो. असे किती अन्सारी आणि खान माझ्या रजिस्टरात शेख होऊन बसलेत. माझंही तेच. माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्रावर आणि आधारवर एका अक्षराचा फरक आहे आणि त्या एका अक्षरापायी मी आजवर चार प्रतिज्ञापत्रं केलीत.

मुलगा शाळेत असेपर्यंत ही दुरुस्ती होऊ शकते. जन्मदाखला दाखवून, अर्ज करून, शिक्षण खात्याची मंजुरी घेऊन. शाळा सोडल्यावर, दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर नाव छापून आल्यावर, तेच काम डोंगर होतं. म्हणून मी पालकसभेत मार्कांबद्दल बोलणं कमी केलंय. मी सांगते, घरातले सगळे कागद आणा, जमिनीवर पसरा आणि एकच नाव ठरवा. एक अब्बाजान माझ्यावर चिडले होते. म्हणाले, "मॅडम, बच्चे की पढ़ाई बताओ, मेरा नाम क्यों पूछती हो?" मी म्हटलं, भाईजान, तुमच्या नावातल्या एका मात्रेवर तिची पढ़ाई अडेल.

जातीचं तर विचारूच नका. "इस्लाम में जात नहीं होती" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय आणि माझाही त्यावर ईमान आहे. पण तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, कसाई, अन्सारी ही घरं आपल्याकडे आहेत, त्यांच्या सोयरिकी कुठे होतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारींसारख्या माणसांनी गावोगाव फिरून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यांच्या सभांना यायचे, आणि त्यातून या बिरादऱ्यांना राज्यात सवलती मिळाल्या. आता त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, महाराष्ट्रातला पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" असलं की पुढचा रस्ता खडतर. मग काका, आत्या, चुलत आजोबा, कुणाचा तरी जुना दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, खरेदीखत शोधत फिरावं लागतं. हे काम दोन महिन्यांत होत नाही. दोन वर्षं धरा. म्हणून ते नववीत सुरू करायचं. ओबीसी आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला हातात असला तर दहावीनंतर सायन्स घेतलेल्या मुलाला महाज्योतीच्या मोफत जेईई-नीट-सीईटी वर्गासाठी अर्ज करता येतो, टॅबही मिळतो. हे सांगितलं की लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघतात जणू मी लॉटरीचं तिकीट विकतेय.

ज्यांचे आजोबा 1967 ला उत्तर प्रदेशात होते त्यांना हा रस्ता जवळपास बंद आहे. तलासरीच्या हायवेवरची पुष्कळ घरं यातली. त्यांना उत्पन्नाच्या दाखल्यावर चालणाऱ्या योजनाच उरतात. म्हणून त्यांच्यासाठी तर आठवीची ती परीक्षा आणखी मोलाची.

तलासरीच्या लोकांसाठी एक खास इशारा. आपण सीमेवर राहतो. भिलाड, उमरगाव, वापी हाकेच्या अंतरावर. तिकडे नोकरी, तिकडे बाजार, म्हणून अकरावी-बारावीही तिकडेच, असा हिशोब बरेचजण करतात. करा, पण समजून करा. डॉक्टरकीच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. मागच्या काही वर्षांत दोन हुशार पोरांनी नीटचा निकाल हातात घेऊन मला विचारलं, "टीचर, अब क्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बस पाच मिनिटं लवकर मिळते म्हणून त्यांनी राज्य बदललं होतं.

आता लग्नाकडे येते. यावर बोललं की लोकांना टोचतं, म्हणूनच बोलायचं.

तलासरीच्या मातीला लग्नाच्या कर्जाची गोष्ट नवी नाही. गोदावरी परुळेकरांचं "जेव्हा माणूस जागा होतो" ज्यांनी वाचलंय त्यांना "लग्नगडी" हा शब्द माहीत असेल. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घ्यायचा आणि मग नवरा-बायको दोघंही त्याच्या वाड्यावर राबायची. कर्ज फिटायचंच नाही. एका लग्नापायी पिढी गहाण पडायची. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला वारली जमले, वेठबिगार करणार नाही असं ठरलं, आणि पुढच्या लढ्यात ही पद्धत मोडली. त्याच तलासरीत आज गोदावरीबाईंच्या नावाचं कॉलेज आहे. आमची पोरंही तिथे शिकतात. ज्यांच्या आजा-पणजानं लग्नासाठी स्वतःला गहाण ठेवलं, ती वारल्यांची पोरं वसतिगृहाच्या यादीत आपलं नाव आलं का ते बघायला प्रकल्प कार्यालयात चकरा मारतात. आणि त्याच रस्त्यानं आमचे लोक बचत गटाचं, मायक्रोफायनान्सचं कर्ज काढून चारशे माणसांची दावत घालतात आणि मग दर आठवड्याला हप्तेवाल्याला तोंड चुकवतात. वारल्यांचं सगळं छान चाललंय असं म्हणत नाही. त्यांच्या पाड्यांवरची गळती मी रोज बघते. पण लग्नाचं कर्ज माणसाचं काय करतं हे या मातीनं एकदा दाखवलंय, आणि आपण याच मातीवर राहतो.

इथे कुणीतरी म्हणेल, शिक्षणासाठी कर्ज घ्यायचं तर व्याज हराम आहे. हा प्रश्न मी हलका मानत नाही. मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. ज्याला खरोखर व्याजाची भीती वाटते त्याच्यापुढे मी मान झुकवते. पण मला हे समजत नाही की हीच भीती सोन्यावर कर्ज काढून मुलीला जहेज देताना कुठे जाते? मौलाना आझाद महामंडळाचं शिक्षण कर्ज तीन टक्क्यांनी मिळतं, ते नको, सूद आहे. आणि मायक्रोफायनान्सचं चोवीस टक्क्यांचं चालतं, कारण त्यात वलीमा झाला. ही परहेजगारी कोणत्या किताबातली?

आणि व्याज नको असेल तर जकात आहे ना! रमजानमध्ये आमच्या भागातून दरवर्षी किती रक्कम बाहेर जाते याचा हिशोब कुणी ठेवत नाही. रसीद-बुकं घेऊन दूरदूरचे सफीर येतात, आपण देतो, सवाब मिळाला असं मानतो. मदरशांना देऊ नका असं मी म्हणत नाही. पण कुरआननं जकातीचे जे आठ हकदार सांगितले त्यात पहिले फकीर आणि मिस्कीन आहेत. महिन्याला नऊ हजारांत सहा माणसं जगवणाऱ्याची मुलगी मिस्कीन नाही तर कोण? उलेमा म्हणतात जकात त्या माणसाच्या मालकीची व्हायला हवी, संस्थेच्या नुसत्या खर्चाला चालत नाही. ठीक. मग त्या मुलीच्या हातात द्या, ती स्वतः कॉलेजच्या खिडकीत भरेल. यात अडचण कुठे आहे? अडचण एवढीच की त्यात रसीद फाडायला आणि फोटो काढायला कुणी नसतं.

सरकारला मी मोकळं सोडतेय असं समजू नका. 2022 मध्ये केंद्रानं अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली. कारण दिलं की शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहेच. मोफत शाळेतल्या मुलाला चपला, कंपास आणि बसभाडं लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या वर्गात पावसाळ्यात यावं. त्याच डिसेंबरात मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली. दहावीची राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021 पासून थांबलेली. राज्यात मुस्लिमांचं 5 टक्के आरक्षण 2014 च्या जुलैत अध्यादेशानं आलं. उच्च न्यायालयानं शिक्षणातल्या आरक्षणाला अंतरिम हिरवा कंदील दाखवला होता, तरी वर्षअखेर अध्यादेश संपला आणि पुढे कायदा झालाच नाही. हे सगळं चीड आणणारं आहे आणि त्यावर मोर्चे निघायला हवेत. मीही येईन. पण मोर्चातून घरी आल्यावर जे अजून चालू आहे त्याचा फॉर्म कुणी भरायचा? एक योजना बंद झाली म्हणून दहा भाषणं ऐकली मी, पण जी चालू आहे तिच्यासाठी दहा अर्ज भरून घेणारा माणूस मला सापडत नाही. सच्चर समितीनं 2006 मध्ये सांगितलं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहूनही कमी, देशाची सरासरी सातच्या आसपास. हा आकडा ज्यांनी तेव्हा भाषणात वापरला, ते आज त्यांच्या मुलांच्या भाषणात ऐकताहेत.

"शिकून नोकरी कुठे मिळते?" हे मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं, आणि यात खोटं नाही. नाव वाचून मुलाखतीला न बोलावलेली पोरं मला माहीत आहेत. पण न शिकलेल्यालाही नाव तेच असतं. वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं. बंदर हवं की नको, मच्छीमारांचं काय, हा वाद वेगळा आणि मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. पण ते झालंच तर क्रेन चालवायला, मोजमाप करायला, कस्टमचे कागद करायला माणसं लागणार. ती मुंबईहून येणार की डहाणूतून जाणार हे आज आठवीत कोण काय करतंय त्यावर ठरणार आहे.

आणि एक माझ्या विषयाचं. योजनेचा शासन निर्णय मराठीत निघतो. तलाठ्याचा अर्ज मराठीत, तहसीलची पाटी मराठीत. उर्दू माध्यमाची आमची मुलं दहावीला मराठीत पस्तीस मिळाले की सुटलो म्हणतात, आणि बापही म्हणतो, "मराठी से क्या होता है?" याच्यानं होतं हे, की जो कागद तुम्हाला वाचता येत नाही तो एजंट वाचतो आणि शंभराच्या दाखल्याचे सातशे घेतो. मी उर्दूवर प्रेम करते, घरात उर्दू बोलते, माझ्या मुलांना उर्दू शिकवलीय. आणि आता नववीच्या मराठीच्या तासाला पंधरा दिवसांतून एकदा मी धडा बाजूला ठेवून शासन निर्णय वाचायला देते. "उपरोक्त संदर्भाधीन" चा अर्थ काय हे मुलं विचारतात. खूप हसतो आम्ही. पण वर्षअखेर त्यांना तो कागद लागतो.

करायचं काय, तर यासाठी मला लांब जावं लागत नाही. डहाणूपासून जवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी आदिवासी पोरांची शाळा चालवली. पोरं गुरं चारायला जायची, शाळेत यायची नाहीत. तर बायांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणत तिला. आपल्याकडे कुरण म्हणजे जुम्म्याची नमाज. सगळा मोहल्ला एका जागी, आठवड्यातून एकदा, स्वतःहून. नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर एक टेबल, एक लॅपटॉप, एक झेरॉक्स मशीन आणि सेतू केंद्राचं काम जाणणारं एक पोरगं बसवा. आठवी ते बारावीच्या मुलांच्या बापांनी कागद आणायचे. ज्याच्या नावात फरक, त्याची यादी वेगळी. ज्याचा उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपला, त्याची वेगळी. बाया मशिदीत येत नसतील तर त्यांच्यासाठी शाळेत शनिवारी. गुणगौरवाच्या एका हॉलच्या भाड्यात हे वर्षभर चालतं.

मी हे एका जमातीच्या जबाबदार माणसांपुढे मांडलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकजण म्हणाले, "मॅडम, आप का मशवरा अच्छा है। इस साल प्रोग्राम में आप को भी शॉल देंगे।"

शाल मी घेतली नाही. मग दोन जुन्या विद्यार्थ्यांना धरलं. एकाचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, दुसरा एका सेतू केंद्रात बसतो. यंदा आठवीत माझ्याकडे 34 मुलं आहेत. त्यातली 29 सातवीत 55 टक्क्यांच्या वर. उत्पन्नाचे दाखले 17 जणांचे झालेत, 8 जणांचे तलाठ्याकडे अडकलेत. चौघांच्या बापांची नावं जुळत नाहीत, त्यात एक खान आहे ज्याला कुणीतरी शेख केलंय. त्याचा बाप बुधवारी सुट्टी काढून येतो म्हणालाय. आजोबांचा जुना दाखला सापडला तर तोही घेऊन या, असं मी त्याला दोनदा सांगितलंय.